जावईबापूंची लाल बादली

प्रकाशा, तालुका शहादा
बुधवार, ७ जून १९६१

प्रिय शांती,

तुला सप्रेम नमस्कार. घरातल्या थोरांना माझा वाकून नमस्कार सांग आणि लहानांच्या गालांवरून माझ्या वतीने हात फिरव. तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते आठवत नाही, म्हणून दोन्हींची चौकशी करते. (तुझं मागचं पत्र जपून ठेवलं होतं, पण त्याची मागची बाजू कोरी होती. त्यावर मी कैरीच्या लोणच्याचं प्रमाण उतरवून शेजारणीला दिलं. आता तुझा गुडघा आणि माझी मोहरी, दोन्ही तिच्या मिठाच्या डब्यात आहेत.) जिना दिवसातून एकदाच उतरत जा, आणि उतरलीस की सगळी कामं उरकूनच वर ये. डॉक्टर बरे आहेत. गुरांच्या सरकारी दवाखान्यातून मोकळे होऊन दोन वर्षं झाली, तरी पंचक्रोशीतल्या म्हशी काही त्यांना मोकळं सोडत नाहीत. काल भर दुपारी एक म्हातारा आपली गाय घेऊन थेट ओटीवरच आला होता. माझं म्हणशील तर अन्न गोड लागत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही आणि परवापासून उजवा डोळा लवतोय. असल्या शकुनांवर विश्वास ठेवायचा नाही असं सिस्टर बेनेडिक्टांनी आपल्याला शिकवलं होतं. मी ठेवतही नाही. पण लवतोय.

आडपडदा न ठेवता लिहिते. तुझा भाचा, म्हणजे आमचे जावई दिगंबरराव, गेल्या मंगळवारी पहाटे आमच्या घरातून निघून गेले. कुंदाला न्यायला आले होते, आणि तिला न घेता गेले. मला नमस्कार नाही, डॉक्टरांना नमस्कार नाही. आज आठ दिवस झाले, पोचल्याचं साधं कार्डसुद्धा नाही. लोटन पोस्टमन आमच्या गल्लीत वळला की मी दारात उभी असते. आता तर तो बिचारा कोपऱ्यावरूनच हात हलवून नाही म्हणतो आणि माझी नजर चुकवून पलीकडच्या बाजूने जातो. कुंदा मागच्या दारी उंबऱ्यावर बसून असते. जेवत नाही. ज्या पोरीला अनारसे डब्यात मोजून ठेवावे लागत, ती डबा उघडला की तोंड फिरवते. मी काही विचारत नाही, ती काही सांगत नाही. लग्नाला सहा महिने झाले नाहीत, शांती. हे स्थळ तू सुचवलंस, अक्कांशी, म्हणजे तुझ्या सख्ख्या बहिणीशी तू बोललीस, मध्यस्थ म्हणून मांडवात मिरवलीस. आता माझी मुलगी माहेरीच राहते की काय या धास्तीने माझ्या हातून दोनदा आमटीत मीठ पडलं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक बादली आहे. बादलीच्या मागे मी आहे आणि माझ्या मागे सिस्टर बेनेडिक्टा आहेत. म्हणून तिथूनच सांगायला हवं.

तुला आपलं बोर्डिंग आठवतं ना? टेकडीवरची ती दगडी इमारत, खालच्या विहिरीवरून गाढवांच्या पाठीवर येणारं पाणी आणि सकाळी रांगेत उभ्या आपण, प्रत्येकीच्या हातात एकेक पत्र्याचा मग. तेवढ्यात दात, तोंड आणि मान. ज्या दिवशी तू मानेवरून दुसरा मग ओतून घेतलास, त्या दिवशी सिस्टर तुला काही बोलल्या नाहीत, फक्त गाढवाजवळ नेऊन उभं केलं आणि त्याची क्षमा मागायला लावली. (तू मागितलीस. गाढवाने मान हलवली. मी ते कधी विसरणार नाही.) साबणाच्या चिपा दाबून त्यांचा लाडू करायचा, पेन्सिल बोटांत धरता येईना झाली की बोरूच्या नळीत खोचायची, आलेलं पाकीट उसवून, उलटं करून पुन्हा चिकटवायचं. तुझ्या झग्याच्या पाच पट्ट्या पाच वर्षांत सोडल्या गेल्या. झाडाच्या खोडावर मोजतात तसं त्यावरून तुझं वय मोजता यायचं. आणि कोणी म्हटलं, सिस्टर, हे मोडलं, टाकून देते, की त्या आपल्या मोडक्या मराठीत शांतपणे विचारायच्या, टाकते म्हणजे कुठे? जगाच्या बाहेर तुझी एखादी खोली आहे?

ते वाक्य माझ्या हाडात बसलं आहे. लग्न होऊन खानदेशात आले, डॉक्टरांच्या बदल्यांमागून नवापूर, तळोदा, शहादा अशी फिरले, आणि शेवटी तापीच्या काठी इथे चार खोल्या बांधून स्थिरावलो तेव्हा मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पाटी लावली. मोगराबाई आमच्याकडे वरकामाला येते, तिला मी ती मोठ्याने वाचून दाखवली. भांडी राखेने घासावीत. भाज्यांची देठं गाईला घालावीत, तिने नाकारलेलं खड्ड्यात. जुन्या लुगड्याचा परकर, परकराची गोधडी, गोधडीचं पोतेरं. पाणी ओतण्यापूर्वी ते आणखी कोणाच्या उपयोगी पडेल याचा विचार करावा. मोगराबाईने कंबरेवर हात ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाई, हाई सगळं तं मन्ही मायबी करे. तिना घरमा पाटी नव्हती, इतलंच."

तेव्हापासून पाटी उलटी करून मी तिच्यावर पापड लाटते. पण सवयी आहेत त्या आहेत. आमच्या न्हाणीचं पाणी मागच्या सात केळींना जातं. सात केळी, सात वार. रोज सकाळी मी चिखलाचा बांध सरकवून त्या दिवसाच्या केळीचं तोंड उघडते. पाहुणा अंघोळीला गेला की तो कोणाला पाणी घालतो आहे हे त्याला सांगण्याचा माझा रिवाज आहे. मला वाटतं, माणसाला बरं वाटत असेल. (डॉक्टर म्हणतात, नसेल.) साबण केळीला सोसत नाही, म्हणून आमच्याकडे बेसन आणि शिकेकाई. पंधरा वर्षांत कोणी तक्रार केली नव्हती. पंधरा वर्षांत आमच्याकडे जावई आला नव्हता, हेही खरं.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. पहिलाच अधिक महिना, पहिलाच जावई. मी महिनाभर आधीपासून तांदूळ भिजवून अनारशांचं पीठ केलं, तेहतीस अनारसे आणि तांब्याचं ताट काढून ठेवलं. कुंदा आंब्यांसाठी महिनाभर माहेरी आलेली होती. जावईबापू शनिवारी दुपारी शहाद्याच्या एस.टी.ने आले, आणि उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यावर बादली होती. उपडी, टोपीसारखी. दोन्ही हातांत सामान, मग काय करतील? पण बादली लाल होती, शांती. कुंकवासारखी लाल, आणि उन्हात अशी चकाकत होती की गल्लीतली पोरं पुढे आणि कुत्री मागे, अशी वरातच घरापर्यंत आली. सुपडूभाऊ पाटील शेजारी राहतात, त्यांची बैलगाडी वाटेत उभी होती. त्यांचे बैल बिथरून गोठ्याकडे वळले.

तुझा भाचा मुंबईच्या प्लास्टिकच्या कंपनीत विक्रीला आहे हे तूच सांगितलं होतंस. मला वाटलं होतं, बटणं असतील, कंगवे असतील. त्यांनी ट्रंक उघडली आणि एकेक वस्तू माझ्यापुढे मांडली. गुलाबांच्या नक्षीचं मेजावर घालायचं आच्छादन. (मेज नाही आमच्याकडे. ते आता डॉक्टरांच्या औषधांच्या खोक्यावर आहे.) देवांसाठी कधी न सुकणाऱ्या झेंडूचा हार. आणि ती बादली. बादली तर त्यांनी पालथी घातली आणि तिच्यावर चक्क उभे राहिले. "बघा आई, गंजणार नाही, पोचे पडणार नाहीत, कल्हई नको. आणि कधी कुजणार नाही. शंभर वर्षं जशीच्या तशी." इतकं कौतुक होतं त्यांच्या डोळ्यांत! आपण पहिल्यांदा शिवलेला रुमाल सिस्टरना दाखवायला नेला होता तेव्हा आपले डोळे तसे झाले असतील. माझं मन भरून आलं. आणि भरल्या मनाने मी जे विचारायला नको तेच विचारलं. मी म्हटलं, "मग शंभर वर्षांनी ती टाकायची कुठे?"

मी खोचकपणे विचारलं नव्हतं. देवाशपथ. आमच्याकडे प्रत्येक वस्तूचा पुढचा जन्म ठरलेला असतो, म्हणून मी सहज चौकशी केली. जावईबापू बादलीवर उभे होते ते तसेच थांबले. मग हळूच उतरले आणि म्हणाले, "टाकायचीच नाही, आई." कुंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून सरबत करायला गेले.

नंतर ते अंघोळीला गेले. हवा तापलेली, प्रवासाची धूळ, त्यांनी त्यांचा सुवासिक साबण काढला असावा, कारण वास ओटीपर्यंत आला. त्या शनिवारच्या केळीला नुकताच कोंब फुटला होता. मी पाच मिनिटं स्वतःला आवरलं. मग न्हाणीच्या भिंतीशी जाऊन अगदी मायेने म्हटलं, "जावईबापू, साबण बेताने हं, शनिवारचीला कोंब आलाय." आत एकदम सामसूम. पाण्याचा थेंब पडल्याचाही आवाज नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले तेव्हा एका कानामागे फेस तसाच होता. शनिवारची कोण हे त्यांना कुंदाने नंतर सांगितलं, पण तोवर माणसाच्या मनात काय काय येऊन गेलं असेल!

इथवर सगळं निस्तरता आलं असतं. रविवारी मात्र धोंड्याचं जेवण होतं. पहाटेपासून चूल पेटलेली, पुरण शिजतंय, एकीकडे अनारसे. रोज चुलीतली राख मोगराबाई एका लोखंडी घमेल्यात काढते. त्या दिवशी घमेल्यात मी रसाचे आंबे पाण्यात टाकले होते. तिने विचारलं, राख कशात घेऊ? मी कढईवर वाकलेली, अनारसा हसतोय की फुटतोय या काळजीत. मान वर न करता मी म्हटलं, "घे त्या लाल बादलीत." माझ्या तोंडचे शब्द आहेत, शांती. मोगराबाईचा त्यात काही दोष नाही, तो तिच्यावर कोणी ढकलला तर मी ऐकून घेणार नाही. राख वरून पांढरी, थंड दिसते, पण बाभळीचा निखारा तिच्या पोटात दोन दोन तास जागा असतो. पितळेच्या बादलीला त्याचं काही वाटत नाही. लोखंडाला वाटत नाही. मातीला तर नाहीच. जन्मभर ज्या ज्या वस्तूंशी माझे हात बोलले, त्यांतल्या एकीलाही वाटत नाही.

जावईबापू पाटावर बसले, कुंदाने ओवाळलं, मी वाण दिलं, त्यांनी पहिला धोंडा तोंडात घातला, आणि मागच्या दारातून मोगराबाईची किंकाळी आली, "बाई! बादली बठी गयी!" मी धावले. खरंच खाली बसली होती. बूड जमिनीला चिकटलेलं, अंग एका बाजूला कललेलं, वरची कड तेवढी अजून गोल. दमलेली बाई गुडघ्यात मान घालून बसते ना, तशी. आणि वास! जळके केस, मेण आणि रॉकेल एकत्र कालवल्यासारखा. मोगराबाई लांबून काठीने तिला टोचत म्हणत होती, "माय वं, हाई तं मेणनी शे!" तो वास माझ्या आधी पंक्तीत पोचला. डॉक्टरांनी मला दारातून हातवारे करताना पाहिलं आणि तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्यासाठी खोटं बोलले. म्हणाले, "काही नाही, शेजारी बैलाला डाग देताहेत." जावईबापूंनी विचारलं, "आत्ता? जेवणाच्या वेळी?" डॉक्टर म्हणाले, "बैल वेळ बघून लंगडत नाही." जावईबापूंनी दोन धोंडे खाल्ले. आठ करून ठेवले होते. मी तर पानावर बसलेच नाही.

आता मी जे केलं ते ऐक आणि मला नावं ठेव. घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही, पण हात सवयीने चालतात. आमच्या घरी जे नकोसं होतं ते परसातल्या खड्ड्यात जातं, आणि सहा महिन्यांनी काळं, भुसभुशीत, पावसाच्या वासाचं होऊन बाहेर येतं. मी बादली खरवडून काढली, खड्ड्यात टाकली, तिच्यावर आमरसाच्या साली आणि कोयी, त्यावर शेण, त्यावर पाला. मोगराबाईला म्हटलं, बोलायचं नाही. ती म्हणाली, "मी कशाले बोलू? पन ती सडाव नही, बाई." सडणार नाही. हे तर जावईबापूंनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी न्हाणीत मी आमची पितळी बादली ठेवली, चिंचेने घासून सोन्यासारखी केलेली. जावईबापूंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेले. काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. जावई विचारणार कसा आणि सासू सांगणार कशी? आपल्याकडे एवढी माया आणि एवढा मान मध्ये असतो की साधी गोष्ट पलीकडे जातच नाही. कुंदाने मात्र स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं. मी म्हटलं, वाळत घातली आहे. (बादली! वाळत! मला कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलायचं शिकवलं नाही याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.) दुपारी चहा घेऊन जावईबापू परसात फेऱ्या मारू लागले. केळी बघितल्या, गोठा बघितला, आणि सरळ खड्ड्याकडे निघाले. मी पदर खोचून मागे. आणि बघते तो काय, कोंबड्यांनी पाला उकरला होता, आणि आंब्याच्या सालींमधून वीतभर लाल कड डोकावत होती.

मी तिच्यावर उभी राहिले. दुसरं काही सुचलं नाही. उभी राहिले आणि जावईबापूंना खताविषयी माहिती सांगायला लागले. किती शेण, किती पाला, किती दिवसांनी उलथायचं, गांडुळं कशी आपण होऊन येतात. पाऊण तास, शांती. पाय हळूहळू खाली जात होते, नऊवारीचा काठ शेणाने भरला, माश्या घोंघावत होत्या. तो बिचारा हातात रिकामा कप धरून हो आई, बरं आई म्हणत ऐकत होता. शेवटी सुपडूभाऊ कुंपणावरून म्हणाले, "बाई, जवाईले चहा पाजा, ग्यान नका पाजू." तेव्हा कुठे ते आत गेले. मोगराबाईने मला हाताला धरून बाहेर ओढलं.

आणि मंगळवारी पहाटे उठून बघते तर बिछाना घडी घातलेला, ट्रंक नाही, जावईबापू नाहीत. कुंदा ओटीवर बसलेली. म्हणाली, "गेले." मी म्हटलं, "आणि तू?" ती म्हणाली, "मी नंतर." एवढंच. तिचा चेहरा असा पांढरा होता की पुढे विचारण्याची माझी छाती झाली नाही.

पण खरा घाव दुपारी बसला. सुपडूभाऊ शहाद्याहून परत आले ते गाडी आमच्या दारात थांबवूनच. म्हणाले, "बाई, तुम्हना जवाईले पोचाडी वनू. एक सबद बोलनात नही." मी म्हटलं, काहीच नाही? ते म्हणाले, निघताना काळोखातच ते तुमच्या खड्ड्यात काठी घालत होते. "कायतरी लाल काढं, गोणपाटमा गुंडाळं, आन् शहादालगून मांडीवर लिसन बठनात." मी तशीच परसात धावले. खड्डा उकरलेला, बादली नाही.

आता तूच सांग. जळलेली, शेणाने माखलेली, उपयोगाची नसलेली बादली कोणी मांडीवर घेऊन मुंबईला का नेईल? एकाच कारणासाठी. दाखवायला. आठ दिवस माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र आहे. अक्का दिवाणखान्यात बसल्या आहेत, समोर पाटावर ती बादली आहे, आणि जावईबापू सांगताहेत, आई, मी कौतुकाने नेलेल्या वस्तूचं तिथे हे झालं, खड्ड्यात पुरली, वर उभ्या राहिल्या आणि तोंडाने खताचं पुराण सांगत होत्या. असल्या घरची मुलगी... पुढचं वाक्य मी मनातसुद्धा पुरं होऊ देत नाही. मला कंजूष म्हणोत, विक्षिप्त म्हणोत. गावात निम्मे लोक म्हणतातच. पण माझ्या सवयींची शिक्षा माझ्या मुलीला होऊ नये. आज सकाळी मी केळींचा बांध उघडलाच नाही. बुधवारची केळ बिचारी मान टाकून उभी आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

फार लांबलं. पाकीट जड होऊन तुला दंड पडू नये म्हणून पातळ कागद वापरला आहे आणि दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे, शाई पलीकडे उमटली असेल तर एक बाजू उन्हात धरून वाच. गुडघ्याला एरंडेल लाव, आणि मला विसरू नकोस.

तुझीच,
मीना

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. पत्र मिळताच, गुडघा कोणताही असो, अक्कांकडे जा. काहीतरी निमित्त काढ. बादली दिसते का बघ, आणि दिसली तर त्यांना सांग की कुंदाचा यात काही संबंध नाही, ती साबण वापरते, पाकिटं उलटी करत नाही, आणि तुमच्याकडे आली की जे वापरायला सांगाल ते वापरेल. वाटलं तर मी वेडी आहे असंही सांग. तू माझी चाळीस वर्षांची मैत्रीण आहेस, तुझ्या शब्दावर विश्वास बसेल.

आणखी ता. क. थांब. अक्कांकडे जाऊ नकोस. पत्र मी मेजावर (म्हणजे खोक्यावर) उघडंच ठेवून डिंक आणायला गेले. परत आले तर कुंदा ते वाचत उभी होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पहिलं वाक्य काय बोलली असेल? "आई, केवढा कागद वाया घालवलास!" मग मला धरून बसवलं. जावईबापू रागावून गेले नाहीत. लाजून गेले. तो वास त्यांनी पाटावरच ओळखला होता, धंदाच तो त्यांचा. आपल्या वस्तूने सणाच्या पंक्तीत घाण सोडली, सासूबाई शिसारी येऊन जेवल्या नाहीत, आणि वर आपली लाज झाकायला शेणात उभ्या राहिल्या, आता यांना तोंड कसं दाखवू, असं म्हणत ते रात्रभर बसले होते. बादली नेली ती कंपनीत विचारायला, की शंभर वर्षं टिकणारी वस्तू आमच्या घरी एका दिवसात कशी बसली. पत्र लिहायला घाबरताहेत. तुलाच लिहिणार होते म्हणे, मावशीने मध्यस्थी करावी म्हणून. म्हणजे तुझ्याकडे एव्हाना एकाच बादलीची दोन पत्रं असतील. त्यांच्या पत्राला उत्तर लिही, की सासूबाई अजून अनारसे राखून बसल्या आहेत.

आणि कुंदा का गेली नाही ते मी विचारलं. तिने खाली पाहिलं. एस.टी.चे धक्के सध्या नकोत म्हणाली. शांती, मी आठ दिवस त्या पांढऱ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि माझ्या बादलीतून मला काही दिसलं नाही! मोगराबाई तर म्हणते, "मी तं दुसराच रोज समजी गऊ, माले वाटनं तुम्हले माहीत शे." डॉक्टरांना जाऊन सांगितलं, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, चार हातांवरून गाभण म्हैस ओळखतो मी, मुलगी ओळखणार नाही? मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू विचारलं नाहीस.

शेवटचं, आणि खरं मागणं हेच. अजून तीन महिने पुरे व्हायचे आहेत, तेव्हा कोणाला बोलू नकोस, अक्कांनाही कुंदाच सांगेल. पण तुझी जुनी लुगडी असतील ना, धुऊन धुऊन पातळ झालेली, ती माझ्याकडे पाठव. दुपटी आणि लंगोट शिवायला घेते. कोऱ्या कापडाने कोवळ्या अंगाला ओरखडे पडतात, आणि माझ्याकडची सगळी जुनी लुगडी गोधड्यांत गेली. विरलेली असोत, ठिगळाची असोत, चालतील. नवं काही विकत घेऊ नकोस. तुझ्या अंगावरची हवीत.